आधी भिंत, मग गीझर

बाथरूमचे काम काढले की टाइल्स पसंत करायला घरातली सगळी माणसे जातात. नळ आणि शॉवर कुठले घ्यायचे यावर आठवडाभर काथ्याकूट चालतो. गीझर मात्र रंगकाम संपत आले की सवलत बघून मागवला जातो आणि प्लंबर तो जुन्याच जागी, जुन्याच दोन नळ्यांना जोडून देतो. गीझर शेवटी घेण्यात काही गैर नाही. पण गरम पाण्याचा विचार भिंत फोडण्याच्या पहिल्या दिवशी व्हायला हवा, आणि तोही आपण शेवटावर ढकलतो. टाकीचा गीझर बऱ्या पाण्यावर ८-१० वर्षे चालतो, बोअरच्या जड पाण्यावर त्याहून कमी. टाइल्समागची नळी आणि वायर मात्र पुढचे काम निघेपर्यंत, म्हणजे सहज २०-२५ वर्षे, जागची हलत नाही. तेवढ्या काळात दोन-तीन गीझर येऊन जातील, आणि त्या प्रत्येकाकडून काय मिळणार हे आज भिंतीत गाडलेल्या वस्तू ठरवतील. म्हणून ‘कुठल्या कंपनीचा घेऊ?’ या प्रश्नाआधी चार प्रश्न येतात: तो कुठे बसणार, पाणी किती लांब जाणार, वीज कुठल्या वायरीतून येणार, आणि त्यातून ठिबकणारे पाणी कुठे पडणार.

पाणी तापवण्याचे गणित शाळेतल्या विज्ञानापलीकडे जात नाही, आणि ते एकदा मांडले की जाहिरातींचे बरेचसे दावे आपोआप गळतात. एक युनिट विजेत ८६० लिटर पाणी एका अंशाने तापते. अंघोळीची बादली १८ लिटरची धरू आणि पाणी ४० अंशांचे. मुंबईत हिवाळ्यात नळाला साधारण २४ अंशांचे पाणी येत असेल, तर १६ अंश वाढवायचे आहेत. एका बादलीला एकतृतीयांश युनिट लागते. नाशिककडे थंडीत गच्चीवरच्या टाकीतले पाणी पहाटे १६ अंशांवर आले, तर त्याच बादलीला अर्धे युनिट. टाकीचेही असेच. १५ लिटरची टाकी ६० अंशांपर्यंत तापवली आणि थंड पाणी मिसळत गेले, तर मुंबईत ४० अंशांचे सुमारे ३४ लिटर पाणी होते, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या. नाशिकच्या त्या पहाटे २७-२८ लिटर, म्हणजे दीड बादली. प्रत्यक्षात टाकीत शिरणारे थंड पाणी थोडेफार मिसळत असल्याने हे आकडे अजून खाली येतात. आता गंमत अशी, की या हिशेबात कंपनीचे नाव कुठेच येत नाही. वीज पाण्यात बुडवलेल्या कॉइलमधून जात असल्याने तिची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच उतरते, मग गीझर स्वस्तातला असो की महागातला. फरक पडतो तो पाणी तापल्यानंतर: टाकीत उभे असताना किती निवते आणि नळापर्यंत जाताना किती निवते. पहिल्याची काळजी कारखाना घेतो, दुसऱ्याची घरमालकाने घ्यायची असते.

नळीचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. आजकाल गरम पाण्याला सर्रास वापरतात ती फिकट पिवळसर सीपीव्हीसी नळी. पाऊण इंची नळीच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावते, अर्धा इंचीत त्याच्या निम्मे. गीझर एका टोकाच्या ड्राय बाल्कनीत आणि बाथरूम दुसऱ्या टोकाला, मधे १० मीटर पाऊण इंची नळी, असे घर असेल तर नळ सोडल्यावर आधी अडीच लिटर गार पाणी येते. आणि नळ बंद केल्यावर तेवढेच गरम पाणी नळीत अडकून निवत बसते. घरातल्या चार जणांनी तासा-दोन तासांच्या अंतराने अंघोळ केली तर दिवसाला १० लिटर तापलेले पाणी भिंतीत थंड होते. ते ६० अंशांचे धरले तर ०.४ युनिटाहून थोडे जास्त, म्हणजे मुंबईच्या हिशेबाने एका अख्ख्या बादलीची उष्णता रोज भिंतीला अंघोळ घालते. हाच गीझर नळापासून तीन मीटरवर असता आणि जोड अर्धा इंची असता, तर नळीत एका वेळी जेमतेम ३५० मिलिलिटर पाणी अडकले असते. दाब बरा असेल आणि एका नळापुरतीच जोडणी असेल तर अर्धा इंची नळी पुरते. ‘पुढेमागे कमी पडायला नको’ म्हणून जाड नळी टाकण्याचा सल्ला थंड पाण्याच्या मुख्य लाइनला ठीक आहे, गरम पाण्याला तो उलटा पडतो. दोन बाथरूम पाठीला पाठ लावून असतील तर मधल्या भिंतीवर एकच २५ लिटरचा गीझर शोभतो. घराच्या दोन टोकांना असतील तर दोन लहान गीझर घेतलेले परवडतात. लांबी टाळताच येत नसेल तर नळी जमिनीतून न नेता स्लॅबखालून, फॉल्स सीलिंगच्या वरून न्यावी. तिथे तिच्यावर फोमचे आवरण चढवता येते. चार इंची भिंत खोदून आवरणासकट नळी बसवायला जागाच नसते. शिवाय सीपीव्हीसीची १० मीटर नळी ४० अंशांनी तापली की साधारण अडीच सेंटीमीटर लांबते. सिमेंटमध्ये घट्ट आवळलेल्या नळीने हे लांबणे कुठे करायचे, याचे उत्तर पुढे सांधे देतात.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की मग प्रत्येक बाथरूममध्ये एक इन्स्टंट गीझर लावून टाका. टाकी नाही, लांब नळी नाही, कटकट नाही. नळीपुरता हा मुद्दा खरा आहे. पण घरगुती इन्स्टंट गीझर सहसा ३ किलोवॅटचा असतो, आणि ३ किलोवॅट म्हणजे मिनिटाला दोनेक लिटर पाणी २० अंशांनी तापवण्याची ताकद. मुंबईत बादली भरायला सात मिनिटे, नाशिकच्या थंडीत दहा. बादलीने अंघोळ करणाऱ्याला एवढे थांबायला हरकत नसते. नवीन बाथरूममध्ये मात्र आपण हौसेने मोठ्या चकतीचा शॉवर लावलेला असतो. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरला मुंबईतसुद्धा सुमारे ९ किलोवॅट लागतील, आणि तेवढा भार घरातल्या एका पॉइंटवर कुणी देत नाही. पाण्याची धार बारीक केली की ऊन पाणी, मोठी केली की कोमट, हा तक्रारीचा सूर म्हणजे यंत्राचा दोष नव्हे; त्याच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवल्याचा तो परिणाम आहे. इन्स्टंट गीझरची खरी जागा स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी आहे. तिथे थोडे थोडे पाणी वारंवार लागते आणि तेवढ्यासाठी बाथरूमपासून नळी ओढत आणणे हा शुद्ध तोटा असतो.

दुसरे उत्तर म्हणजे तारे. पाच तारे पाहून घेतला, आता बिलाची चिंता मिटली, असे अनेकांना वाटते. भारतात ऊर्जा दक्षता ब्युरो टाकीच्या गीझरला जे तारे देतो, ते टाकी २४ तास तापलेली ठेवली तर तिच्या अंगातून किती उष्णता गळते यावर. म्हणजे ती टाकीभोवतीच्या फोमच्या जाडीची परीक्षा आहे. गीझर दिवसभर चालू ठेवणाऱ्यांना, किंवा सकाळी उरलेले गरम पाणी संध्याकाळी वापरणाऱ्यांना या ताऱ्यांचा फायदा नक्की होतो. आपल्याकडची रीत मात्र अंघोळीआधी २० मिनिटे चालू आणि मग बंद, अशी. त्या वापरात एका ताऱ्याच्या फरकापेक्षा नळीतल्या अडीच लिटरांचे वजन जास्त भरते, आणि नळीला तारे नसतात. तारे पाहून घेऊ नये असे नाही. पण तारे पाहून घेतलेला गीझर लांबच्या बाल्कनीत टांगणे म्हणजे एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने घालवणे.

विजेच्या बाबतीत प्रश्न पैशांचा राहत नाही. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. वायरीत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ९ वरून १३ वर गेल्यावर वायर दुपटीहून जास्त तापते. जुन्या इमारतींत अजूनही बारीक किंवा अॅल्युमिनियमच्या वायरी सापडतात, आणि गीझरच्या प्लगची काळवंडलेली पिन किंवा सॉकेटच्या भोकाशी वितळलेले प्लास्टिक हा त्यांचा पहिला निरोप असतो. भिंत उघडी असताना मुख्य बोर्डापासून गीझरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर स्वतंत्र नेणे, तिला स्वतःचा एमसीबी देणे आणि बाथरूमबाहेर डीपी स्विच बसवणे, हे वायरमनचे फार तर एका दिवसाचे काम आहे. टाइल्स लागल्यावर तेच काम भिंतीवरून पट्टी मारत जाण्याचे होते. आणि एक गैरसमज इथेच काढून टाकलेला बरा. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. ओल्या माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा प्रवाह एमसीबीच्या दृष्टीने इतका किरकोळ असतो की त्याची तो दखलही घेत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पूर्ण परत आली नाही, म्हणजे ती वाटेत कुठेतरी गळते आहे, एवढे ओळखून तो क्षणात पुरवठा तोडतो. ‘गीझर लावला की तो सारखा पडतो’ म्हणून त्याला बगल देऊन जोडणी करणारे महाभाग असतात. तो पडतो कारण गीझरची कॉइल आतून फुटून वीज पाण्यात उतरू लागलेली असते. बदलायची ती कॉइल. जाता जाता, वीजबिलावर ‘मंजूर भार’ नावाची एक ओळ असते. नव्या घरात दोन गीझर, दोन एसी आणि इंडक्शन शेगडी येणार असेल तर ती ओळ काम सुरू होण्याआधी वाचावी.

आता टाकी टांगण्याची जागा. पाणी तापले की फुगते, हे सगळ्यांना माहीत असते, पण किती, याचा अंदाज नसतो. २५ अंशांचे १५ लिटर पाणी ६५ अंशांपर्यंत नेले तर ते सुमारे पाव लिटर वाढते. गीझरच्या तोंडाशी पाणी उलटे जाऊ न देणारा वाल्व्ह असेल, तर या पाव लिटराला बाहेर पडायला एकच वाट उरते, ती म्हणजे सेफ्टी वाल्व्ह. म्हणून गीझर तापताना तिथून पाणी ठिबकणे हे बिघाडाचे लक्षण नसून वाल्व्ह काम करत असल्याचे लक्षण आहे. नव्या टाइल्सवर ओघळ दिसतो म्हणून तिथे बूच मारले, तर वाढता दाब टाकी सोसत राहते, आणि थर्मोस्टॅट अडकला त्या दिवशी तिचा स्फोटही होऊ शकतो. काम चालू असताना या वाल्व्हपासून बाथरूमच्या जाळीपर्यंत बोटभर नळी भिंतीतून काढून ठेवली की प्रश्नच मिटतो. तीच गोष्ट भिंतीची. १५ लिटरचा भरलेला गीझर साधारण २५ किलो भरतो. नव्या इमारतींतल्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत नेहमीचे फुगणारे फास्टनर नीट पकड घेत नाहीत. तिथे आरपार बोल्ट आणि मागे पट्टी, किंवा रसायनाने चिकटणारे अँकर लागतात, आणि हे गिलाव्याआधी सांगावे लागते. उंच इमारतीत दाबही बघावा. १० मीटर उंचीमागे १ बार या हिशेबाने ओव्हरहेड टाकीच्या खाली ७० मीटरवर असलेल्या घरात, वाटेत दाब कमी करणारा वाल्व्ह नसेल तर, ७ बार दाब येतो. ८ बारचा गीझर तिथे काठावर टिकतो, कमी क्षमतेचा टिकत नाही. वरच्या मजल्यावर दुखणे उलटे: दाब इतका कमी, की जाडजूड मिक्सरमधून गरम पाणी पुढे सरकतच नाही.

फॉल्स सीलिंगमध्ये गीझर लपवण्याची टूम मात्र निस्तरायला अवघड जाते. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीचे पोलाद गंजण्यापासून वाचवते, आणि पाण्याच्या जातीप्रमाणे दोन-तीन वर्षांनी बदलायची असते. पोलादी टाकीला आतून काचेचा मुलामा असला तरी त्यात बारीक भेगा राहतातच, म्हणून ही कांडी. ती आणि कॉइल बाहेर काढायला टाकीखाली हातभर मोकळी जागा लागते. जागा नसेल तर कारागीर ‘सगळे ठीक आहे’ म्हणून जातो, कांडी संपते आणि टाकीला भोक पडते. मराठवाड्यात किंवा शहराच्या कडेला टँकर-बोअरवर जगणाऱ्या वसाहतींत याचा अनुभव लवकर येतो, कारण तिथल्या जड पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट तापल्यावर कॉइलवर थरावर थर धरतो. यामुळे वीज जास्त जळते असे म्हणतात, ते विजेच्या गीझरला फारसे लागू नाही. उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. त्रास असा, की थराखाली अडकलेली कॉइल भलतीच तापते आणि जळते. त्यावर उपाय म्हणजे तापमान ६० अंशांवर न नेणे आणि कॉइल साफ करता येईल अशी जागा सोडणे. सीलिंगमध्येच ठेवायचा असेल तर माणसाचे खांदे आत जातील एवढी झडप ठेवावी.

गॅस गीझर बाथरूमच्या आत लावायचा नाही, या एका बाबतीत कुठलीच सवलत देता येत नाही. त्याची लोकप्रियता समजण्यासारखी आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गॅस गीझर दहा किलोवॅटहून अधिक उष्णता देतो, म्हणजे इन्स्टंट विजेच्या गीझरच्या तिप्पट-चौपट. शॉवरखाली सलग धार त्याचीच. पण एवढ्या ज्योतीला तासाला १० घनमीटरांहून जास्त हवा लागते, आणि ५ बाय ७ फुटांच्या, ९ फूट उंच मोरीत एकूण हवाच असते ९ घनमीटर. खिडकी थंडीमुळे बंद असली की पाव तासात तिचा मोठा हिस्सा खर्ची पडतो, ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखेही वाटत नाही. गुंगी येते आणि दाराची कडी आतून लावलेली असते. महाराष्ट्रात असे मृत्यू झाले आहेत, एकाच घरातल्या दोघांचेही. गच्चीला किंवा मोकळ्या ड्राय बाल्कनीला गीझर आणि आत फक्त नळी, एवढ्याच अटीवर गॅस घ्यावा. आणि मग नळी लांबते, म्हणजे आवरणाचा आणि व्यासाचा विचार पुन्हा आलाच.

‘आमच्या इमारतीवर सोलर आहे’ असे म्हणणाऱ्यांचाही हिशेब तपासून पाहावा. सूर्याची उष्णता फुकट असते, पण गच्चीवरून चौथ्या मजल्यापर्यंत उतरणाऱ्या नळीत रात्रभर निवलेले पाणी पहिल्या माणसाने बादलीभर सोडून द्यायचे असते. सहा-सात घरांनी हे रोज केले की पाणीटंचाईच्या दिवसांत सोसायटीच्या सभेत त्यावरून खडाजंगी होते. दोष तबकडीचा किंवा काचनळ्यांचा नसतो, उभ्या नळीवर आवरण नसण्याचा किंवा पाणी खेळते ठेवणारा छोटा पंप नसण्याचा असतो. घराच्या कामात आपल्या हातात एवढेच आहे, की सोलरची लाइन गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाला जोडायची सोय ठेवावी, मधे वाल्व्ह द्यावेत. कोमट आलेले पाणी गीझर थोडेसे तापवील, पावसाळ्यात सगळे तापवील. हवेतली उष्णता खेचून पाण्यात भरणारे हीट पंपही आता मिळतात. कोकणपट्टीच्या उबदार हवेत ते एका युनिटात तिपटीच्या आसपास उष्णता देतात, पण त्यांना मोठी टाकी, मोकळी हवा आणि भरपूर जागा लागते, त्यामुळे बंगल्याला किंवा मोठ्या कुटुंबाला ते शोभतात. आज परवडत नसला तरी बाल्कनीत एक पॉवर पॉइंट आणि दोन नळ्यांची तोंडे बंद करून ठेवायला फारसा खर्च नाही.

खर्चाचा आक्षेप उरतोच. काम आधीच अंदाजाच्या पुढे गेलेले असते, आणि न दिसणाऱ्या वस्तूंवर आणखी पैसे घालायला जीव होत नाही. पण या यादीतल्या बहुतेक गोष्टींची किंमत भिंत उघडी असताना शेकड्यांत असते, बंद झाल्यावर हजारांत जाते. कंत्राटदार जुनी जीआय नळी ‘अजून चांगली आहे’ म्हणून आत राहू देतो आणि पुढे फक्त नवे नळ लावतो. आतून गंजून बोटभर उरलेल्या त्या नळीची गळती वर्षभरात खालच्या घराच्या छताला दिसते, आणि मग नवीन टाइल्स फुटतात. टाइल्स लावण्याआधी हातपंपाने लाइनवर दाब देऊन तो काटा रात्रभर खाली येत नाही ना, हे पाहायला पैसे लागत नाहीत, फक्त एक दिवस थांबावे लागते. त्याच दिवशी प्रत्येक भिंतीशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवावेत. टॉवेलचा दांडा लावायला आलेला माणूस ड्रिल मशीन नेमके नळीवरच धरतो, तेव्हा ते फोटो उपयोगी पडतात.

एवढे झाले की गीझर निवडायला अर्धा तास पुरतो. दोघा-तिघांच्या घराला, अंघोळी बादलीने होत असतील तर १५ लिटर. शॉवर असेल किंवा घाटावरची थंडी असेल तर २५. दाबाची क्षमता ८ बार, तारे शक्यतो पाच, कांडी आणि कॉइल जवळच्या दुकानात मिळते की नाही याची चौकशी, बस्स. विक्रेता आणखी मोठी टाकी सुचवील आणि दिवाळीला पाहुणे येतील याची आठवण करून देईल. नरक चतुर्दशीच्या पहाटे आठ अभ्यंगस्नाने ओळीने व्हायची असतात, हे खरेच. पण २ किलोवॅटचा गीझर १५ लिटर पाणी २० मिनिटांच्या आत पुन्हा तापवतो, आणि तेवढा वेळ तेल-उटणे लावण्यातच जातो.